शेऱ्याचा रकाना

प्रगतिपुस्तकात शेऱ्याला जागा असते
काडेपेटीएवढी.
तिच्यात मावेल असा एक शब्द हवाय मला
कल्लव्वा सिद्राया बिराजदार, इयत्ता दुसरी, हिच्यासाठी,
आणि उद्या पालकसभा.

ती डाव्या हाताने लिहिते.
पेन्सिल उजव्यात दिली तर घेते, मान डोलावते,
मी फळ्याकडे वळले की पेन्सिल परत डावीकडे.
जूनपासून हेच.
एकदा मी तिचा डावा हात ओढणीने बाकाला बांधला
(हे कुणाला सांगितलेलं नाही),
तर तिने पेन्सिल दातांत धरली
आणि वहीवर वाकून ग काढला.
बरा होता ग. काना सरळ.

मी वाईकडची. आमच्यात शब्दांना तोटा नाही:
हट्टी, हेकट, आडमुठी, वांड, द्वाड,
आणि पाहुण्यांसमोर जरा मऊ करून, अवखळ.
आई म्हणायची, तुझी खोड मोडली पाहिजे.
मी विचारलं, झाडाचं खोड मोडल्यावर
झाडाचं काय उरतं?
हीच ती खोड, म्हणाली.

रात्री कोश उघडला.
व्रात्य म्हणजे ज्याचं व्रत सुटलं तो.
म्हणजे एकाच घरातले दोघे भाऊ,
एक निर्जळी धरून बसलेला,
दुसरा त्याच्याच फराळाचा डबा घेऊन पळालेला.
हसू आलं. रकाना रिकामाच.

मागच्या साली ह्याच बाकावर डेअरीच्या चेअरमनचा नातू होता.
स्नेहसंमेलनात माईक सोडेना,
दोघांनी उचलून खाली आणला, तरी हातात माईक.
त्याचा शेरा माझ्याच अक्षरात आहे: जिद्दी.
दस्तगीर शिपाई तेव्हा म्हणाला होता,
बाई, आमच्यात जिद म्हटलं की पोराला फटका बसतो,
जिद कू दवा नै.
मराठीत शिरताना त्या शब्दाने
तोंड धुतलं असावं, भांग पाडला असावा.
पण चेअरमनच्या दारातून आला म्हणून की काय,
ते मी तेव्हा तपासलं नाही.

दुपारी कल्लव्वाची आई आली, निंगव्वा.
मनगटापर्यंत ज्वारीचं पीठ,
पदर खोचलेला, तो तसाच.
म्हणाली, आकीगं छला भाळ ऐत्री.

मी ऐकलं: छळ.
ओढणी आठवली, बाकाची कड आठवली.
नाही हो, म्हटलं, एकदाच, एकदाच फक्त,
आणि ती माझ्याकडे बघतच राहिली,
काय एकदाच?

दस्तगीर घंटेचा टोल हातात घेऊन मधे पडला.
बाई, ती रडगाणं सांगत नाही.
कानडीत छल म्हणजे धरलं ते न सोडणं.
पोरीला लई हाय, म्हणतीय.
मिरवतीय, बाई.

शाळेच्या मागे ओढा आहे,
अलीकडच्या पाटीवर बाळबोध, पलीकडच्या पाटीवर कानडी.
मधे गुडघाभर पाणी, तेही मार्गशीर्षापर्यंत.
तेवढ्यात एका शब्दाने ही कूस बदलावी?
इकडे ज्याने माणूस पिचतो
तिकडे त्यानेच उभा राहतो.

आता साडेपाच. बाक उलटे टाकलेत.
पेन्सिलीने लिहिलं, चिकाटी. खोडलं.
निश्चयी. ते तर हार घातलेल्या फोटोखालचं वाटलं. खोडलं.
खोडून खोडून रकाना पातळ झालाय,
उजेडाला धरला तर मागचं गणित दिसतं.

मग पेन्सिल डाव्या हातात घेतली.
छ सुरू केला.
पोट आलं, गाठ आली नाही,
शेपटी रेघेबाहेर.
दंडापर्यंत कळ गेली.
दस्तगीर कुलूप घेऊन दारात.
बाई, शेवटची एस्टी जाईल.

थांब, म्हटलं,
अजून एकदा.